अडवायचे काय आणि कधी, हे आदल्या दिवशी ठरवा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

स. न. वि. वि.

मी बेचाळीस वर्षांची असून साताऱ्यात राहते आणि घरून इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते. बहुतेक काम औषधांच्या चाचण्यांसाठी लागणाऱ्या संमतिपत्रांचे आणि रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकांचे असते. कोश, संदर्भ आणि ग्राहक हे सगळे इंटरनेटवरच असल्यामुळे ते बंद ठेवून काम होत नाही. पण एखादा शब्द पाहायला म्हणून नवी टॅब उघडते आणि भानावर येते तेव्हा समोर बातम्या असतात, नाहीतर यूट्यूब किंवा फेसबुक. साइट अडवणारे एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी ब्राउझरमध्ये बसवले आणि सगळेच बंद करून टाकले. मग कामासाठी इन्सुलिनच्या पेनचा एक व्हिडिओ पाहायचा होता, तो उघडेना. व्हॉट्सॲप वेब बंद असल्यामुळे एका ग्राहकाचा निरोप राहून गेला. आठवड्याच्या आत वैतागून ते काढून टाकले. यजमान म्हणतात, "मनाचा निग्रह नसेल तर अशी कुलपे लावून काय उपयोग?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? शिवाय ही एक्स्टेंशन आपण उघडलेले सगळे वाचतात असे ऐकले. माझ्याकडचे कागद गोपनीय असतात. मी काय करावे?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न मनात राहिला तर पुढचे कोणतेही साधन आपण अपराधी भावनेने वापराल आणि पहिल्या अडचणीला सोडून द्याल. निग्रह हा गुण मोलाचा आहे, यात शंका नाही. पण ज्या पानांशी आपला सामना आहे ती पाने माणसाने थांबू नये याच हेतूने घडवलेली आहेत. पूर्वी पानाचा तळ यायचा आणि पुढचे पान उघडायचे की नाही, हे ठरवायला क्षणभर मिळायचा. २००६ च्या सुमारास अझा रास्किन या रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची रचना पुढे आणली आणि तो क्षण नाहीसा झाला. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामागेही हाच विचार आहे. अशा रचनेपुढे निग्रह एकदा करून भागत नाही, तो दिवसभरात असंख्य वेळा, आणि तोही थकलेल्या मनाने करावा लागतो. साइट अडवणारे साधन तोच निर्णय आदल्या संध्याकाळी, शांतपणे आणि एकदाच घेऊ देते. पथ्य पाळणाऱ्याने फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, तर त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. २००५ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले, त्या थॉमस शेलिंग यांनी माणूस आपल्याच पुढच्या क्षणातील मनाला आधी कसा बांधून घेतो, यावर गंभीरपणे लिहिले आहे. तेव्हा असे साधन वापरणे ही निग्रहाचीच एक रीत आहे, असे यजमानांना निःसंकोच सांगा.

मात्र या साधनांनी सर्वांचे सारखेच भले होते, असेही नाही. माणसे संगणक कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात संगणकावर काम करणाऱ्या लोकांना आठवडाभर अशी साधने वापरायला दिली होती. समाजमाध्यमांकडे सहज ओढल्या जाणाऱ्यांना त्यांचा लाभ झाला. पण ज्यांचा आपल्या कामावर आधीच चांगला ताबा होता, ते लोक विश्रांती न घेता सलग काम करत राहिले आणि त्यांचा ताण वाढला. आपले पत्र वाचून आपण पहिल्या गटातील आहात असे वाटते, तरीही विश्रांती ही कामाच्या आखणीतच धरलेली असावी, ती चोरून घ्यावी लागू नये.

आता आपल्या पत्रातील जे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, त्याकडे येतो. आपण बातम्या वाचायला म्हणून टॅब उघडत नाही. आपण शब्द पाहायला म्हणून ती उघडता. म्हणजे भरकटण्याची सुरुवात अगदी प्रामाणिक कामातून होते. संमतिपत्रातील एखादे वाक्य अडते, इंग्रजीतील संज्ञेला रुग्णाला कळेल असा मराठी शब्द चटकन सापडत नाही, भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशात जो शब्द मिळतो तो शुद्ध असला तरी गावातल्या रुग्णाला समजेल की नाही अशी शंका येते, आणि त्या अस्वस्थतेत हात आपोआप दुसरीकडे वळतो. कोश उघडणारी टॅब आणि बातम्या उघडणारी टॅब एकच असते, त्यांच्यामध्ये उंबरठा नसतो. म्हणून केवळ साइट अडवून आपले काम भागणार नाही. शब्द पाहण्याची पद्धतही थोडी बदलावी लागेल.

माझी सूचना अशी की, पहिला खर्डा करताना शब्द पाहणेच थांबवावे. अडलेली संज्ञा इंग्रजीतच ठेवून तिला पिवळा रंग द्यावा आणि पुढच्या वाक्याकडे जावे. पाऊण तासाने, किंवा एक विभाग पूर्ण झाल्यावर, साठलेल्या सगळ्या संज्ञा एकत्र घेऊन बसावे आणि मग परिभाषा कोश, मराठी विश्वकोश, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा कोश, जे लागेल ते मनसोक्त उघडावे. यात दुहेरी लाभ आहे. ब्राउझरकडे जाण्याच्या खेपा कमी होतात हा एक. आणि दुसरा म्हणजे निम्म्या संज्ञांचे उत्तर पुढची चार वाक्ये लिहिता लिहिता आपल्यालाच सुचलेले असते, हे आपल्या व्यवसायातील कोणीही अनुभवी माणूस सांगेल. संमतिपत्रात एकच संज्ञा वीस ठिकाणी येत असते. तिचा निर्णय एकदाच आणि सगळी वाक्ये डोळ्यांसमोर ठेवून झाला, तर मजकुरात एकवाक्यताही राहते.

ही घडी बसवताना अडवणारे साधन मदतीला घ्या. आपले आधीचे एक्स्टेंशन कोणते होते ते आपण लिहिलेले नाही, पण चूक बहुधा साधनाची नव्हती. सगळ्या साइट एकाच यादीत घालून सगळ्यांना एकच नियम लावला, त्यामुळे ते फसले. मी आपल्याला लीचब्लॉक एनजी हे एक्स्टेंशन सुचवतो. ते विनामूल्य आहे, फायरफॉक्स, क्रोम आणि एज या तिन्ही ब्राउझरवर चालते, आणि त्यात साइटचे वेगवेगळे गट करून प्रत्येक गटाला वेगळा नियम लावता येतो. क्रोमवर स्टेफोकस्ड हेही बऱ्याच जणांना माहीत आहे; ते सोपे आहे, पण त्याचा मूळ विचार दिवसाला ठरावीक मिनिटे देण्याचा आहे. आपल्याला वेळेपेक्षा जागा नेमकी अडवायची आहे, म्हणून मला लीचब्लॉक अधिक योग्य वाटते.

पहिल्या गटात बातम्यांची संकेतस्थळे आणि क्रिकेटचे धावफलक असे जे काही कामाला कधीच लागत नाही, तेवढेच घाला. या गटाच्या वेळा २४ तासांच्या पद्धतीने लिहायच्या असतात. उदाहरणार्थ सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते साडेचार यांसाठी 1000-1300,1400-1630 असे लिहा. वार निवडता येतात, त्यामुळे रविवार मोकळा ठेवा. अडवलेली साइट उघडायचा प्रयत्न केला की एक्स्टेंशन स्वतःचे पान दाखवते, पण त्याऐवजी आपल्या पसंतीचे कोणतेही पान दाखवण्याची सोय त्यात आहे. तिथे आपण आजच्या कामाची यादी किंवा अडलेल्या संज्ञांचा तक्ता ठेवलेल्या गूगल शीटचा पत्ता द्या. हात सवयीने बातम्यांकडे गेला तरी समोर आपलेच अर्धवट काम येईल, आणि इतक्याने पुष्कळदा गाडी रुळावर येते.

यूट्यूब आणि फेसबुक यांचा गट वेगळा करा, कारण ती दोन्ही आपल्याला अधूनमधून कामासाठी लागतात. लीचब्लॉकच्या यादीत एखाद्या पत्त्याच्या आधी अधिकचे चिन्ह (+) घातले की तो पत्ता नियमातून वगळला जातो. म्हणजे पूर्ण यूट्यूब अडवून केवळ व्हिडिओ पाहण्याचे पान मोकळे ठेवता येते. ग्राहकाने दुवा पाठवला किंवा गूगलवर शोधून व्हिडिओ सापडला, तर तो उघडेल, पण यूट्यूबचे मुखपृष्ठ उघडणार नाही. उरतो तो व्हिडिओच्या बाजूला येणाऱ्या शिफारशींचा प्रश्न. त्यासाठी अनहूक नावाचे वेगळे एक्स्टेंशन आहे, ते शिफारशी, शॉर्ट्स आणि प्रतिक्रिया लपवून केवळ व्हिडिओ ठेवते. एक्स्टेंशनांची संख्या वाढवायची नसेल, तर आपल्या गूगल खात्यातील पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून ती ठेवणे बंद करा. २०२३ पासून यूट्यूब अशा खात्याला मुखपृष्ठावर शिफारशी दाखवत नाही. तिथे शोधण्याची चौकट राहते आणि बाकी पान जवळपास रिकामे असते. माझ्या मते हा सगळ्यांत सोपा आणि सर्वांत टिकणारा उपाय आहे, आणि फोनवर त्याच खात्याने यूट्यूब उघडले तरी तो लागू राहतो. फेसबुकवर आपण अनुवादकांच्या एखाद्या गटात असाल तर तेवढ्या गटाचा पत्ता अधिकच्या चिन्हाने मोकळा ठेवून बाकीचे अडवावे.

व्हॉट्सॲप वेबला या दोन्ही गटांत घालू नका. ग्राहकाचा निरोप चुकण्याची भीती मनात राहिली, तर ती भीतीच आपल्याला सारखी उठवेल. या साइटसाठी तिसरा गट करून त्याला लीचब्लॉकमधील विलंबाची सोय वापरा: पान लगेच न उघडता आधी काही सेकंदांची उलटी गणती दिसते आणि ती संपल्यावरच पान उघडते. खरोखर निरोप पाहायचा असेल तर माणूस तेवढा वेळ थांबतो. सवयीने हात गेला असेल तर बहुतेक वेळा टॅब बंद करून परत फिरतो. त्याचबरोबर नेहमीच्या ग्राहकांना स्पष्ट कळवून टाका की आपण निरोप दुपारी एक आणि साडेचार वाजता पाहता, आणि तातडीचे काम असेल तर फोन करावा. व्यवसायात असे सांगितल्याने मान कमी होत नाही. उलट आपण वेळ पाळणाऱ्या आहात, हे ग्राहकाला कळते.

आता कुलूप किती घट्ट असावे? लीचब्लॉकमध्ये अडवण्याच्या वेळेत त्या गटाच्या मांडणीत बदल करता येणार नाही, अशी सोय आहे, आणि मांडणी उघडण्यासाठी आपोआप तयार झालेली लांबलचक अक्षरमाला हाताने टाइप करायला लावण्याचीही सोय आहे. पहिला पंधरवडा यांपैकी काहीही चालू करू नका. या काळात आपली यादी कुठे चुकली आहे हे कळत जाईल, आणि प्रत्येक वेळी कुलूप फोडावे लागले तर आपण पुन्हा सगळेच काढून टाकाल. या दिवसांत एका कागदावर एवढेच टिपा की कोणती साइट अडली आणि त्या वेळी मजकुरात काय चालले होते. यादीतील बदल काम चालू असताना मुळीच करायचा नाही. तो संध्याकाळी, ही टिपणे पाहून करायचा. ही एक शिस्त मात्र कोणतेही एक्स्टेंशन आपल्यासाठी पाळणार नाही. पंधरवड्यानंतर पहिल्या गटापुरती बदल न करू देणारी सोय चालू करा. दुसऱ्या गटाला तिची गरज पडेलच असे नाही.

काही पळवाटा आधीच बुजवलेल्या बऱ्या. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, एक्स्टेंशन आपण परवानगी दिल्याखेरीज चालत नाहीत, त्यामुळे तिथे सगळ्या साइट मोकळ्या असतात. एक्स्टेंशनच्या तपशिलात जाऊन ती परवानगी द्यावी लागते. एक्स्टेंशन ज्या ब्राउझरमध्ये बसवले त्याच्यापुरतेच असते. आपण क्रोम वापरत असलात तरी विंडोजसोबत एज आलेलाच असतो आणि त्याची नवी टॅब उघडली की बातम्यांची रांग समोर येते. त्या पानाच्या मांडणीत जाऊन ती रांग बंद करा. बातम्यांच्या संकेतस्थळांना कधीतरी सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेली असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांची यादी पाहून ती काढून घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात येणारी ती छोटी चौकट एक्स्टेंशन अडवत नाही, आणि लक्ष विचलित होण्याची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

यापेक्षा कडक साधनेही आहेत. विंडोज आणि मॅकवर चालणारे कोल्ड टर्की ब्राउझरपुरते न थांबता प्रोग्रामसुद्धा अडवू शकते. मॅकवरचे सेल्फकंट्रोल तर एकदा सुरू केले की ठरवलेली मुदत संपेपर्यंत, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी, उठत नाही. संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या नावाची साइट कुठे शोधायची हे संगणकाला सांगणाऱ्या फाइलमध्ये, साइटचे नाव लिहून ती अडवण्याची जुनी युक्तीही काही जण सांगतात. पण तिच्यात अख्खी साइटच अडते, व्हिडिओचे पान मोकळे आणि मुखपृष्ठ बंद असा भेद तिला करता येत नाही, आणि वेळही लावता येत नाही. आपल्यासारख्या, इंटरनेटवरच काम असणाऱ्या व्यक्तीने या वाटेला आधी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोपनीयतेविषयीची आपली शंका रास्त आहे आणि ती हलक्याने घेऊ नये. असे एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर सांगतो की ते सर्व वेबसाइटवरील आपला डेटा वाचू आणि बदलू शकेल. साइट अडवायची तर आपण कोणता पत्ता उघडत आहोत हे त्याला पाहावेच लागते, म्हणून परवानगी मागण्यातच काही काळेबेरे आहे असे समजण्याचे कारण नाही. पण तीच परवानगी अप्रामाणिक माणसाच्या हाती गेली तर तो खरोखर सगळे वाचू शकतो. म्हणून एक्स्टेंशन ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावे, त्याचा कर्ता कोण हे पाहावे, आणि शक्यतो ज्याचा स्रोत खुला आहे, म्हणजे ज्याचा प्रोग्राम कोणालाही वाचून तपासता येतो, असेच निवडावे. लीचब्लॉक या कसोटीला उतरते. एक्स्टेंशनची मालकी बदलू शकते, म्हणून त्याने मध्येच नवी परवानगी मागितली तर डोळे मिटून होकार देऊ नका. याहून महत्त्वाचे म्हणजे ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क आणि एक्स्टेंशन वेगवेगळी असलेले दोन स्वतंत्र कप्पे, करा. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत ही सोय आहे. रोजच्या कामाच्या प्रोफाइलमध्ये कोशांचे बुकमार्क आणि अडवणारे एक्स्टेंशन असू द्या, आणि अनुवादकांच्या गटाची गरज नसेल तर तिथे फेसबुकवर लॉगइन करू नका. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेंशन ठेवू नका, आणि ग्राहकाच्या पोर्टलवर गोपनीय कागद उघडणे किंवा बँकेचे व्यवहार तिथूनच करा. कागद डाउनलोड करून वर्डमध्ये काम करत असाल, तर ब्राउझरमधील एक्स्टेंशनचा त्या फाइलशी संबंध येत नाही. ग्राहकाशी झालेल्या गोपनीयतेच्या करारात एक्स्टेंशनविषयी काही अट आहे का, तेही एकदा वाचून घ्या. असेल तर ती अट माझ्या सल्ल्यापेक्षा वरची आहे.

शेवटचा विषय फोनचा. संगणकावर सगळे नीट अडवले की ओढ फोनकडे वळते, हे गृहीतच धरा. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, पण बहुतेक फोनांच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असते. त्यातील फोकस मोडला आपल्या कामाचेच वार आणि वेळा द्या, म्हणजे निवडलेली ॲप त्या काळात थांबलेली राहतील. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये अशीच व्यवस्था आहे. मुलांच्या शाळेतून किंवा घरच्या मोठ्यांचा फोन येईल म्हणून तो जवळ लागतो, असे अनेकांना वाटते. त्यासाठी फोनचा आवाज मोठा ठेवून तो पलीकडच्या खोलीत ठेवावा; घंटा ऐकू येईल, आणि ज्याला खरेच तातडी असेल तो फोनच करील. मधल्या सुट्टीत मात्र फोन हातात न घेता आधी खुर्चीतून उठा, डोळ्यांना पडद्यापासून दूर न्या, पाणी प्या, आणि मग वेळ उरला तर बातम्या अवश्य वाचा. एक ते दोनच्या दरम्यान त्या आपल्याला मोकळ्याच ठेवलेल्या आहेत.

पंधरवड्याची टिपणे झाली की ती मला पाठवावीत. कोणती संज्ञा अडली असताना हात कुठे गेला, हे त्यांतून दिसले, तर पहिल्या दोन गटांची यादी आपण दोघे मिळून नीट करू.

आपला,
सदरलेखक